दुहेरीचा सामना मागच्या कोर्टवर का?

प्रति,
महाराष्ट्रात व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरवणारे संयोजक, स्पर्धा संचालक आणि प्रायोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

पुरुष दुहेरीच्या सामन्यांना आपल्या स्पर्धांमध्ये जी वागणूक मिळते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. याच आशयाचे एक साधे पत्र मी यापूर्वी एका संयोजन समितीला पाठवले होते. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून आता तेच गाऱ्हाणे चारचौघांत मांडतो आहे. मी कोणत्या स्पर्धेविषयी बोलतो आहे हे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका स्पर्धेचा किंवा एका व्यक्तीचा नाही, सवयीचा आहे.

निमित्त झाले ते असे. काही वर्षांपूर्वी राज्यातल्या एका व्यावसायिक स्पर्धेत पुरुष दुहेरीची उपांत्य लढत मुख्य कोर्टवर होणार होती. आदल्या संध्याकाळी जाहीर झालेल्या वेळापत्रकात तिच्यापुढे ‘दुपारी चारच्या आधी नाही’ अशी स्पष्ट नोंद होती. आमच्या क्लबात टेनिस शिकणाऱ्या चार मुलांना घेऊन मी साडेतीनला पोहोचलो. एकेरीचा सामना लांबत चालला म्हणून दुहेरीचा सामना अडीच वाजताच मागच्या कोर्टवर उरकून घेतल्याचे तिथे कळले. मागच्या कोर्टला बसायला पायऱ्या नव्हत्या. ज्यांनी तो सामना पाहिला, त्यांनी जाळीच्या कुंपणाला नाक लावून पाहिला असणार. मुलांपैकी एकाने विचारले, “काका, चारच्या आधी नाही म्हणजे काय मग?” या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता येत नाही. वेळापत्रकातल्या त्या नोंदीचा अर्थ जगभर एकच आहे : सामना उशिरा सुरू होऊ शकतो, लवकर नाही.

माझा या विषयाशी संबंध काय, हेही सांगायला हवे. मी बँकेतून निवृत्त झालेला एक सामान्य खेळाडू आहे. जवळजवळ चाळीस वर्षे सकाळी साडेसहाला कोर्टवर जातो आणि तिथे दुहेरीच खेळतो. पुण्यातल्या, मुंबईतल्या, नागपूर-कोल्हापूरच्या कुठल्याही क्लबात पहाटे डोकावून पाहावे, चौघे जमले की दुहेरी सुरू झालेली दिसेल. पन्नाशी ओलांडलेला माणूस एकेरीची सत्तावीस फूट रुंदी एकट्याने सांभाळू शकत नाही. छत्तीस फुटांचे दुहेरीचे कोर्ट मात्र दोघे मिळून सत्तरीतही सांभाळतात. तिकीट काढून आपल्या स्पर्धांना येणारा बराचसा प्रेक्षक हा असा आहे. तो स्वतः जो खेळ खेळतो, तोच त्याला आपण दाखवत नाही.

पण हा केवळ आम्हा म्हाताऱ्यांच्या हौसेचा मामला असता तर मी एवढे लिहिले नसते. भारतीय पुरुष टेनिसचा गेल्या तीसेक वर्षांचा हिशेब मांडून पाहावा. एटीपी टूरवर, म्हणजे पुरुषांच्या जागतिक व्यावसायिक स्पर्धामालिकेत, एकेरीचे शेवटचे विजेतेपद भारतीयाने मिळवले ते 1998 साली, न्यूपोर्टला, लिअँडर पेसने. त्यानंतर सोमदेव देववर्मन 2009 मध्ये चेन्नईत आणि रामकुमार रामनाथन 2018 मध्ये न्यूपोर्टला अंतिम फेरीपर्यंत गेले, पण चषक हाती लागला नाही. दुहेरीत मात्र पेस आणि महेश भूपती या जोडीने 1999 साली चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची अंतिम फेरी गाठली आणि त्यांपैकी फ्रेंच व विम्बल्डन जिंकल्या. 1994 च्या हिरोशिमा आशियाई खेळांत पेसच्या जोडीला सुवर्णपदकासाठी उभा होता तो आपला मुंबईचा गौरव नाटेकर. अलीकडे, जानेवारी 2024 मध्ये, रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डेनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी तो दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिला आला; त्या स्थानी पहिल्यांदा पोहोचणारा त्याच्याइतका वयस्क खेळाडू दुसरा कोणी नाही. गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेलेल्या या माणसाने अय्यंगार योगाच्या आधाराने पुन्हा उभारी धरली, असे तो स्वतः सांगत आला आहे. ती योगपद्धती आपल्या पुण्याची, एवढा अभिमान तरी आपण बाळगायला हरकत नाही.

आता आपल्या घरचेच उदाहरण घेतो. चेन्नईत वर्षानुवर्षे होणारी भारतातली एकमेव एटीपी 250 स्पर्धा (विजेत्याला क्रमवारीचे 250 गुण देणारी) 2018 मध्ये पुण्याला, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात आली. 2021 चा कोरोनाचा खंड सोडला तर 2023 पर्यंत ती पाच वेळा झाली. या पाच वर्षांत एकेरीच्या अंतिम फेरीच्या दहा जागा होत्या. त्यांत एकही भारतीय नाही. दुहेरीत 2019 साली बोपण्णा आणि दिविज शरण विजेते ठरले. 2022 साली बोपण्णा आणि रामकुमार यांनी ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ या ऑस्ट्रेलियन जोडीला पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावल्यावर 6-7, 6-3, 10-6 असे हरवले (शेवटचा आकडा तिसऱ्या सेटऐवजी खेळल्या जाणाऱ्या दहा गुणांच्या टायब्रेकचा). 2023 मध्ये श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन ही तामिळ जोडी अंतिम फेरीत सँडर जिले आणि जोरान व्हलिगेन या बेल्जियनांकडून हरली. म्हणजे पाचांपैकी तीन अंतिम सामन्यांत भारतीय जोडी, आणि त्यांतले दोन चषक आपल्याकडे. तरीही माझ्या ओळखीच्या दहा टेनिसवेड्यांना मी 2019 च्या पुणे स्पर्धेबद्दल विचारले, तेव्हा सगळ्यांना आठवली ती केव्हिन अँडरसन आणि उंचापुरा इव्हो कार्लोव्हिच यांच्यातली तीन टायब्रेकची एकेरीची झुंज. ती आठवावी अशीच होती. पण त्याच स्पर्धेत दोन भारतीय जिंकले, 2018 च्या आशियाई खेळांतल्या आपल्या सुवर्णपदकानंतर चारेक महिन्यांत जिंकले, हे दहापैकी दोघांनाच आठवले. प्रेक्षकाची आठवण आपोआप तयार होत नाही. संयोजक जे मध्यावर मांडतात, ते आठवणीत राहते.

2024 च्या जानेवारीत तो आठवडा हाँगकाँगकडे गेला आणि बालेवाडीत चॅलेंजर, म्हणजे एटीपी टूरच्या खालच्या पायरीची स्पर्धा उरली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक बोल्लिपल्लीच्या साथीने कझाकस्तानातल्या अल्माटी येथे एटीपी टूरचे आपले पहिले विजेतेपद मिळवले. पहिला सेट गेला, दुसरा टायब्रेकवर निघाला आणि निर्णायक दहा गुणांचा टायब्रेक, दोन गुणांची आघाडी लागते म्हणून लांबत, 14-12 असा लागला. पुण्याच्या मुलाने एटीपीचा चषक उचलला तेव्हा पुण्यात ती स्पर्धाच उरलेली नव्हती. स्पर्धा कुठे जावी हे आपल्या एकट्याच्या हातात नव्हते, हे मला मान्य आहे. पण असा खेळाडू घरच्या चॅलेंजर स्पर्धेत उतरला तर त्याला कोणत्या कोर्टवर आणि किती वाजता खेळवायचे, यात तर आपला शब्द चालतो.

माझ्या तक्रारी आता क्रमाने सांगतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार वेळेची आहे. दुहेरीचा सामना हा वेळापत्रकातला भराव समजला जातो. एकेरीला उशीर झाला की दुहेरी हलवायची, पाऊस आला की दुहेरी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची, दोन एकेरींच्या मध्ये फट पडली की तिथे दुहेरी कोंबायची. ज्याला ऑफिसमधून निघून, वाहतुकीतून वाट काढत बालेवाडीला किंवा इतरत्र पोहोचायचे आहे, त्याने यातले काय पाहायचे? आपल्याकडून यावर नेहमी एकच उत्तर मिळते, की वेळापत्रक एटीपीचा सुपरवायझर, म्हणजे स्पर्धेवर देखरेख करणारा अधिकारी, ठरवतो. हे अर्धे खरे आहे. सुपरवायझर सही करतो, पण मुख्य कोर्टवर कोणता सामना आपल्याला हवा आहे, प्रेक्षक कधी येतात, तिकिटे कोणत्या सत्राची विकली आहेत, हे त्याला स्पर्धा संचालकच सांगतो. जो खेळाडू एकेरी आणि दुहेरी दोन्हींत आहे, त्याला दोन सामन्यांमध्ये विश्रांती द्यावी लागते, ही अडचण खरी आहे आणि त्यासाठी केलेल्या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या सामन्यातले चौघेही केवळ दुहेरीच खेळत आहेत, तो सामना दीड तास आधी मागच्या कोर्टवर नेण्यामागे कोणाची विश्रांती होती?

दुसरी तक्रार माहितीची आहे. एटीपी स्पर्धांत 2006 पासून दुहेरीचे गुण वेगळ्या रीतीने मोजले जातात. ड्यूसला (40-40 झाल्यावर) ॲडव्हान्टेज नसतो, म्हणजे सलग दोन गुण जिंकावे लागत नाहीत; एकच निर्णायक गुण खेळला जातो आणि तो कोणत्या बाजूने खेळायचा हे परतवणारी जोडी ठरवते. दोन्ही जोड्यांनी एकेक सेट जिंकला की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो. हे माहीत नसेल तर 40-40 झाल्यावर गेम अचानक का संपला, हे नव्या प्रेक्षकाला कळत नाही आणि तो कंटाळतो. माहीत असेल तर त्याच एका गुणासाठी श्वास रोखून बसतो. सर्व्हिस करणाऱ्याचा साथीदार जाळीपाशी पाठीमागे हात नेऊन बोटांनी कोणती खूण करतो आहे, तो आता मध्ये झेप घेणार की जागेवर थांबणार, दोघे मधोमध एका रेषेत का उभे राहिले आहेत, हे कोणी दोन वाक्यांत समजावले तर दुहेरीइतका बोलका खेळ नाही. माझ्याबरोबर आलेल्या मुलांना मी पुढे एका क्लब स्पर्धेच्या सामन्यात हे समजावले, तर ती पुढचा सगळा वेळ बॉल सोडून खेळाडूंच्या बोटांकडे पाहत होती. आपल्या स्पर्धांत मात्र मागच्या कोर्टवर धावफलक नसणे, जोडीतल्या एकाचेच नाव पुकारणे, आणि मराठीतून काहीच न सांगणे ही रीत झाली आहे.

तिसरी तक्रार वाइल्ड कार्डांची, आणि इथे मी जरा जपून लिहितो. यजमान स्पर्धेच्या हातात दुहेरीच्या मुख्य फेरीची मोजकी वाइल्ड कार्डे, म्हणजे क्रमवारी न पाहता द्यायचे थेट प्रवेश, असतात. ती स्थानिक खेळाडूंना मिळावीत, यात दुमत नाही. परंतु पूर्वी कधीही एकत्र न खेळलेल्या दोघांना आदल्या दिवशी जोडून उतरवायचे, ते पहिल्या फेरीत पन्नास मिनिटांत हरायचे, आणि मग ‘आपल्या मुलांना दुहेरी जमत नाही’ असे म्हणायचे, हे चक्र मी अनेकदा पाहिले आहे. दुहेरीची जोडी संसारासारखी असते. ओळखीला वेळ लागतो, भांडणालाही वेळ लागतो. पेस-भूपती यांनी जोडी म्हणून आपले पहिले एटीपी विजेतेपद 1997 साली चेन्नईत, घरच्या प्रेक्षकांसमोर मिळवले. 1999 चे ते वर्ष त्यानंतर आले. घरच्या स्पर्धेचा उपयोग असा व्हायला हवा.

चौथी गोष्ट लहान आहे. बक्षीस समारंभात दुहेरीच्या विजेत्यांना एकेरीचे पाहुणे येण्याच्या आत घाईने चषक दिला जातो. छायाचित्रातही प्रायोजकांच्या मागे त्यांचे निम्मे चेहरे दिसतात.

मला ठाऊक आहे की दुहेरीला दुय्यम मानण्याची सुरुवात आपण केलेली नाही. 2005 साली एटीपीनेच असा घाट घातला होता, की 2008 पासून एकेरीच्या मुख्य फेरीत असलेल्या खेळाडूंनाच दुहेरीत प्रवेश द्यायचा. तसे झाले असते तर केवळ दुहेरी खेळणाऱ्यांचा धंदाच बसला असता, आणि त्यांत आपली माणसे किती होती हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेची नामांकित दुहेरी जोडी असलेल्या ब्रायन बंधूंसह चाळीसहून अधिक खेळाडू अमेरिकेत न्यायालयात गेले, तेव्हा तो बेत मागे पडला आणि तडजोड म्हणून वर सांगितलेली आटोपशीर गुणपद्धती आली. विम्बल्डननेही 2023 पासून पुरुष दुहेरी पाचऐवजी तीन सेटांची केली. देशादेशांच्या संघांत होणाऱ्या डेव्हिस चषकात शनिवारचा संपूर्ण दिवस दुहेरीच्या पाच सेटांसाठी राखलेला असे. तो दिवसही गेला. मोठी नावे आणली की दुहेरी खपते, असा एक समज या सगळ्यामागे आहे. अमेरिकन ओपनने 2025 मध्ये मिश्र दुहेरीत तो प्रयोग करूनही पाहिला : एकेरीचे तारे गोळा केले, सेट छोटे केले, बक्षीस दहा लाख डॉलरचे ठेवले. जिंकले कोण? सारा एर्रानी आणि आंद्रेआ वावासोरी, दोघेही दुहेरीत मुरलेले. हाच वावासोरी ऑस्ट्रेलियात बोपण्णाविरुद्धच्या अंतिम सामन्यात सिमोने बोलेल्लीच्या जोडीला होता. दुहेरी ही वेगळी विद्या आहे आणि ती येणाऱ्याला येते, याहून सरळ पुरावा कोणता हवा? जगाच्या बाजाराचे नियम आपण बदलू शकत नाही. बालेवाडीच्या, मुंबईच्या किंवा सोलापूरच्या कोर्टवर काय दाखवायचे, ते मात्र ठरवू शकतो.

‘दुहेरीला लोक येत नाहीत’ हा आपला शेवटचा आणि सर्वांत आवडता मुद्दा असतो. बाहेरच्या कोर्टवर, कामाच्या दिवशी, भर दुपारी, वेळ बदलून ठेवलेल्या सामन्याला लोक आले नाहीत, यावरून लोकांना तो नको आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये याच बालेवाडीत न्यूझीलंडविरुद्धच्या डेव्हिस चषक लढतीत शनिवारी दुहेरीचा सामना होता. पेसला त्या स्पर्धेच्या इतिहासात सर्वाधिक दुहेरी सामने जिंकणारा खेळाडू ठरायला एकच विजय हवा होता. विष्णुवर्धनच्या साथीने तो आर्टेम सिटाक आणि मायकेल व्हीनस यांच्याविरुद्ध हरला. तो विक्रम पुढच्या वर्षी चीनमध्ये बोपण्णाबरोबर झाला. हरलेल्या त्या सामन्याबद्दल आमच्या क्लबात आजही बोलणे निघते, कारण तो मुख्य कोर्टवर होता, वेळेवर होता, आणि तो का महत्त्वाचा आहे हे आधीपासून सगळ्यांना माहीत होते.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही फारसा पैसा लागत नाही.

पुरुष दुहेरीच्या उपांत्य आणि अंतिम लढती मुख्य कोर्टवरच घ्याव्यात. अंतिम लढत शनिवारी संध्याकाळी घ्यावी आणि तिची वेळ तिकिटावर छापावी. ‘अमुक वाजण्याच्या आधी नाही’ असे एकदा जाहीर केले की सामना त्याआधी सुरू करू नये. पावसामुळे किंवा खेळाडूच्या विश्रांतीसाठी बदल करावाच लागला तर तो किमान दोन तास आधी, कारणासह, प्रवेशद्वारावर आणि समाजमाध्यमांवर मराठीतून कळवावा. हे शक्य झाले नाही आणि सामना हुकला, तर त्या सत्राच्या तिकिटावर दुसऱ्या दिवशी प्रवेश द्यावा.

ज्या कोर्टवर दुहेरीचा मुख्य फेरीचा सामना आहे, त्या प्रत्येक कोर्टवर धावफलक असावा आणि कुंपणाबाहेर का होईना, बसण्याची सोय असावी. सामन्यापूर्वी निवेदकाने चौघांचीही नावे घ्यावीत आणि निर्णायक गुण व दहा गुणांचा टायब्रेक यांचा नियम मराठीत दोन वाक्यांत सांगावा.

दुहेरीचे किमान एक वाइल्ड कार्ड राज्यातल्या जोड्यांच्या निवड स्पर्धेतून द्यावे. ही निवड स्पर्धा मुख्य स्पर्धेच्या निदान तीन आठवडे आधी व्हावी, म्हणजे जिंकलेल्या जोडीला सरावाला अवधी मिळेल. नोंदणी जोडीने व्हावी, एकेकट्याची नाही, आणि निकाल सर्वांना पाहता यावा. ज्यांना वाइल्ड कार्ड दिले त्यांना ते का दिले, हे एका ओळीत जाहीर करायला कोणाची हरकत असू नये.

स्पर्धेच्या आठवड्यात एक सकाळ अकादम्यांमधल्या मुलांसाठी राखावी आणि त्या दिवशी मुख्य फेरीतल्या एखाद्या जोडीने त्यांच्याबरोबर तासभर घालवावा. आमच्याकडे मुले रोज दोन-दोन तास बेसलाइनवरून फोरहँड मारतात. व्हॉली मारायला, म्हणजे टप्पा पडण्याआधीच बॉल परतवायला, त्यांना कोणी जाळीपाशी बोलावत नाही. ज्या देशाचे टेनिस दुहेरीवर उभे आहे, तिथे हे चित्र विचित्र आहे.

आणि शेवटची मागणी : जिथे जिथे एकेरीच्या विजेत्यांची नावे लावली जातील, तिथे त्याच मापाच्या अक्षरांत दुहेरीच्या विजेत्या जोड्यांचीही लावावीत. पुण्यापुरती यादी मीच देतो. 2018 : रॉबिन हासे आणि मात्वे मिडलकूप. 2019 : रोहन बोपण्णा आणि दिविज शरण. 2020 : आंद्रे योरानसन आणि ख्रिस्तोफर रुंगकाट. 2022 : रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. 2023 : सँडर जिले आणि जोरान व्हलिगेन. बोपण्णा 2025 च्या नोव्हेंबरात निवृत्त झाला; तो या शहरात दोनदा जिंकला, हे कोर्टवर येणाऱ्या पोराला भिंतीवर वाचता यायला हवे.

पुढच्या हंगामाचे वेळापत्रक ठरवायला बसाल, तेव्हा या पत्रावर आपले म्हणणे कळवावे, ही विनंती. आपल्या एखाद्या अडचणीची मला कल्पना नसेल, तर ती समजून घ्यायची माझी तयारी आहे. निवड स्पर्धेच्या दिवशी पंच, धावफलक सांभाळणारे किंवा निवेदक कमी पडत असतील, तर आमच्या सकाळच्या चौकडीतले आम्ही चौघेही विनामोबदला येऊ.

कळावे,
आपला,
एक दुहेरीवेडा प्रेक्षक, पुणे